एका गाण्यापुरती लय

भाईच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायला मी वाकलो, तेव्हा हनुवटी वर करून छताकडे बघत तो म्हणाला, "गोळी खिशात घेतलीस?"

"घेतली."

"तिथं पोचल्याबरोबर देऊ नकोस. मी सांगेन तेव्हा दे."

"ठाऊक आहे मला."

"तुला पुस्तकातलं ठाऊक असतं, दिगू. हे हाताचं आहे. आधी दिलीस तर आधी उतरेल."

बटण लागलं. भाईनं आरशात पाहिलं. काळा कोट, पांढरा शर्ट, मागे वळवलेले केस. "बँक लुटायला निघालेला हेडमास्तर दिसतोय," तो म्हणाला. तो खुशीत होता. त्या दिवशी दुपारपासूनच तो खुशीत होता.

भाई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मोरेश्वर त्रिलोकेकर हे त्याचं कागदावरचं नाव. बँडमधली माणसं त्याला मोरी म्हणत. ठाकुरद्वारच्या आमच्या घरातले बाकीचे सगळे कचेऱ्यांत गेले, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो आणि भाई विशीतच हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवायला लागला. लग्न दोघांनीही केलं नाही. त्यानं सवड झाली नाही म्हणून, मी धीर झाला नाही म्हणून. कंपवात जडल्यावर तो एक बॅग आणि आपले ड्रम घेऊन माझ्याकडे राहायला आला. या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं लोटली. भाई नाही, मीही ऐंशीच्या पलीकडे गेलोय. मला संगीतातलं काही कळत नाही. त्या संध्याकाळचं सांगायला माझ्यापेक्षा जाणता माणूस हवा होता, असं लिहितानाही वाटतंय. पण त्या संध्याकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर मीच होतो.

कंपवातात हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून मोठा त्रास वेगळा आहे. हालचाल आखडत जाते. भाई सही करायला घ्यायचा, तेव्हा 'मो' चांगला ठसठशीत यायचा आणि शेवटच्या 'कर'पर्यंत अक्षर मुंगीएवढं व्हायचं. त्याला वाटायचं, आपण सारखंच लिहितोय. गोळी घेतली की अर्ध्या तासानं हात मोकळा होई. पुढचा तासभर, फार तर थोडं जास्त, तो पूर्वीचा भाई असे. मग गोळी उतरायची.

शेवटच्या हॉटेलानं त्याला काढलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त बोलावणं थांबवलं. एका शनिवारी निरोप आला नाही, पुढच्या शनिवारीही नाही. याचं त्याला आजारापेक्षा जास्त लागलं होतं. "मी उठायला हवं होतं," तो म्हणायचा. "मला कळायच्या आत त्यांनी मला उठवलं."

म्हणून विनीचा फोन आला तेव्हा त्यानं तिला दोनदा विचारलं, नक्की मलाच ना? विनी ग्रेशस ही वांद्र्याची पियानोवाली. तरुणपणी दोघं एकाच बँडमध्ये होते. मलबार हिलच्या उताराला वाच्छा कलासंग्रहालय आहे, तिथं हिवाळ्यात एका संध्याकाळी तिचा जॅझचा कार्यक्रम ठरला होता, सगळ्यांना मोफत. "फुकट आहे, मोरी," तिनं फोनवर सांगितलं. "कुणी पैसे परत मागणार नाही. एक गाणं तू वाजव. ते आपलं मिठागरवालं." ते गाणं म्हणजे विनीनंच पूर्वी बांधलेली एक संथ चाल होती. ती कधी छापली गेली नाही की रेकॉर्ड झाली नाही. वाजवणारी चार माणसं तिला 'मिठागर' म्हणत.

भाई तयारीला लागला. लाकडी काठ्या आता त्याला झेपत नव्हत्या, पण या गाण्याला काठ्या लागत नाहीत, ब्रश लागतात. तारांच्या छोट्या झाडणीसारखे असतात ते. डाव्या हातातला ब्रश ड्रमच्या पानावर गोल गोल फिरवायचा आणि उजव्यानं मध्ये मध्ये टिपायचं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो रोज बसायचा, गोळीच्या त्या तासाभरात. मी पुस्तक घेऊन पलीकडे बसायचो आणि एक ओळही वाचायचो नाही.

"एकदा नीट वाजवायचंय," एका सकाळी तो म्हणाला होता. "ड्रमरनं एकदा लय दिली की ती हलता कामा नये. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एका गाण्यापुरती लय मला अजून धरता येते. ती धरायची, मग स्वतः उठायचं, ब्रश विनीच्या बँडमधल्या ड्रमवाल्या पोराच्या हातात द्यायचे आणि घरी यायचं. मग पुन्हा नाव काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं. पण ड्रमर म्हणून नाही जमलं. आजाराचं कुणाला सांगायचं नाही, दिगू. विनीला माहीत आहे तेवढं पुरे. पेशंट म्हणून मला कुणी ऐकायचं नाही."

टॅक्सीत तो दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसला होता. टॅक्सीवाल्यानं उताराला वळण चुकवलं, तेव्हा मला त्याला तीनदा हाका मारून मागे फिरवावं लागलं.

संग्रहालयाच्या मधल्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या बऱ्याचशा भरल्या होत्या. फुकट कार्यक्रमाला येतात तशी सगळी माणसं आली होती. वही घेऊन बसलेले चित्रकलेचे विद्यार्थी, स्वेटर घातलेली निवृत्त जोडपी, खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरणाऱ्या बायका, पायाशी भाजीची पिशवी ठेवून डुलकी काढणारा एक गृहस्थ. समोर लाकडी मंचावर पियानो, ड्रम आणि टेकवून ठेवलेला उंच डबल बेस. मंचाच्या एका अंगाला मखमली सोफा आणि हार घातलेली समई पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली. पण तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही.

वादकांना शिल्पांच्या दालनात बसवलं होतं. प्लास्टरच्या एका शिर नसलेल्या पुतळ्याखाली विनी पाय पसरून बसली होती. केस पांढरे, पोरासारखे कापलेले.

"काय रे मोरी, लग्नाला आलास काय एवढा सजून?"

"तुझ्याशी करायचं राहिलं होतं ना."

"आता उशीर झाला बाबा. माझी नातवंडं दातांना तारा लावून फिरतात." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "हा तो वाचणारा भाऊ ना? अजून बोलत नाही?"

"बोलतो की," भाई म्हणाला. "आजचं सगळं टॅक्सीवाल्यावर संपलं."

बेस वाजवणारा लेस्टर हसला. ड्रमवर एरवी बसणारा रॉनी, तिशीतला दांडगा मुलगा, उठून भाईच्या पाया पडला. भाईला ते आवडलं नाही आणि आवडलंही.

विनीनं क्रम सांगितला. सुरुवातीला संचालिकाबाई दोन शब्द बोलतील, मग बँडचं एक गाणं, आणि दुसरं मिठागर. भाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मनात वेळेचा हिशेब केला आणि माझ्यापुढे हात केला. मी गोळी दिली, पाणी दिलं. थोड्या वेळानं त्यानं एका रिकाम्या खोक्यावर कागद पसरला आणि ब्रश फिरवायला लागला. शू, शू, शू. विनी डोळे मिटून ऐकत होती. लेस्टरनं गुडघ्यावर बोटं चालवली.

"आहे रे लय तुझी," विनी म्हणाली. "तश्शीच आहे."

भाईनं मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झाले. लहानपणी वडिलांनी कधी शाबासकी दिली की असेच व्हायचे.

तेवढ्यात संचालिका कीर्तिकरबाई आल्या. गर्द निळी रेशमी साडी, चेहरा आनंदानं फुललेला. त्या बाई वाईट नव्हत्या. मी नंतर पुष्कळ विचार केला, पण त्यांच्यात वाईट काही सापडलं नाही.

"त्रिलोकेकरसाहेब, आज तुमचा सत्कार आहे," त्या म्हणाल्या. "आधी कळवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विनीबाईंनाही बोलले नाही."

"मी एक गाणं वाजवायला आलोय, बाई."

"वाजवाच की. अहो, तुमच्या पिढीनं या शहराला एवढं दिलं, आणि कुणी साधी शाल घातली नाही. आम्हाला वाटलं, आपण घालावी."

"आधी वाजवू दे ना त्याला," विनी म्हणाली. "मग घाला काय घालायचं ते."

"पाहुणे आल्याशिवाय सुरू कसं करायचं? निघालेत ते. पोचतीलच इतक्यात."

पाहुणे म्हणजे कुठल्याशा महामंडळाचे अध्यक्ष होते. ते लवकर पोचले नाहीत. चौकातून अधूनमधून टाळ्या यायला लागल्या, कंटाळलेल्या लोकांच्या असतात तशा. भाईनं ब्रश खिशात ठेवले, काढले, परत ठेवले. विनी दोनदा बाईंकडे जाऊन आली. खरं कारण तिला सांगता येत नव्हतं. ती भाईकडे बघून भुवया उचलायची, सांगू का म्हणून, आणि भाई मान हलवायचा.

शेवटी पाहुणे आले, आणि आम्हाला वाटलं आता झालं. पण आधी समई लावायची होती आणि वाऱ्यानं वात टिकत नव्हती. मग संग्रहालयाच्या एका विश्वस्तांनी इमारतीचा इतिहास सांगितला. मग भाईला नाव घेऊन बोलावलं. तो मंचावर चढला तो चांगला तरातरा. मी पहिल्या रांगेच्या टोकाला उभा राहिलो. त्याला त्या मखमली सोफ्यावर बसवलं, आणि एक तरुण बाई मानपत्र वाचायला लागली.

मानपत्र फार सुंदर लिहिलं होतं. माझ्यासारख्या माणसाला हे कबूल केलंच पाहिजे. एरवी मी ते घरी नेऊन दोनदा वाचलं असतं. पण मी भाईच्या डाव्या हाताकडे बघत होतो. अंगठा तर्जनीवर घासायला लागला होता, चिमटीत तंबाखू चोळावी तसा. तेवढ्यात पाहुण्यांनी त्याला शाल घातली. भाईनं हात शालीखाली घेतला. पाहुण्यांनी श्रीफळ दिलं, ते त्यानं उजव्या हातानं घेतलं आणि मांडीवर ठेवलं. शालीच्या आत काहीतरी हलत होतं. लोकांना वाटलं असेल, शाल सारखी करतोय.

मग पाहुणे बोलायला उठले. त्यांनी आरंभीच सांगितलं की, मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. लोक हसले. त्यानंतर ते जॅझवरच बोलत राहिले.

मी आयुष्यात कधी कुठल्या मंचावर चढलो नाही. कॉलेजच्या निरोप समारंभातही मी खालूनच हात जोडले होते. त्या दिवशी मात्र मी बाजूच्या पायरीनं वर गेलो. सगळा चौक माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. मी भाईच्या कानाशी वाकलो. "जादा आणलीय मी एक. पाणी आहे. घे, आणि विनीला सांगू तुला शेवटी घ्यायला."

"इथं नको," ओठ न हलवता तो म्हणाला. "खाली जा."

"कुणाला कळणार नाही."

"सगळ्यांना कळेल. तू जा, दिगू."

मी उतरलो आणि मंचाच्या पायरीपाशी उभ्या असलेल्या विनीकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "शेवटी घेते मी त्याला. मध्ये त्याला आत ने, गोळी दे, पडून राहू दे. तोवर आम्ही लोकांना नाचवतो." मला इतकं बरं वाटलं की मी तिचा हात धरला. परस्त्रीचा हात मी असा कधी धरला नव्हता.

पाहुण्यांचं भाषण संपलं. कीर्तिकरबाई माइकपाशी आल्या. "पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचंय," त्या म्हणाल्या, "पण त्यांचा आग्रह आहे की त्रिलोकेकरसाहेबांचं वादन ऐकल्याशिवाय जाणार नाही. तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करू या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनी पुढे आली, बाईंना काही म्हणाली, बाईंनी हसून पाहुण्यांकडे बोट दाखवलं. पाहुणे सोफ्यावर मागे रेलून बसले होते. भाई तेव्हा उठला. शाल खाली ठेवली, नारळ विश्वस्तांच्या हातात दिला आणि ड्रमपाशी चालत गेला. जाताना पावलं आखूड पडत होती. रॉनीनं स्टूल धरलं. भाई बसला. खिशातून ब्रश काढताना एक तार अस्तरात अडकली, ती त्यानं शांतपणे सोडवली.

"वन, टू," तो हळूच म्हणाला. "वन, टू, थ्री, फोर."

सुरुवात चांगली झाली. टेबलावर ऐकलेला तोच आवाज, शू, शू, आणि त्यावर विनीचे सुटे सुटे सूर. लेस्टरचा बेस खालून चालत होता, अंधारात कुणी जिना उतरावं तसा. माझ्या शेजारचा भाजीच्या पिशवीवाला गृहस्थ जागा झाला. मला वाटलं, जमलं. मी श्वास सोडला.

मग केव्हातरी गाणं हळू व्हायला लागलं. केव्हा ते मला सांगता येणार नाही. दिवस मावळताना अमुक क्षणी मावळला असं दाखवता येत नाही, तसं. ब्रशचा आवाज बारीक झाला. आधी ड्रमच्या पानभर फिरणारा हात बशीएवढ्या जागेत फिरायला लागला, मग वाटीएवढ्या. पियानोचे सूर लांब लांब पडायला लागले. दोन सुरांच्या मध्ये इतकी जागा की तिथं झाडावरचे कावळे ऐकू यायचे. लेस्टर डोळे मिटून भाईकडे झुकला होता. विनी पियानोकडे बघतच नव्हती, ती भाईच्या हाताकडे बघत होती. चौकात कुणी खोकलं नाही. मी इतकं हळू, इतकं एकमेकांना धरून वाजवलेलं काही कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

शेवटी ब्रश एका जागी राहिला. विनीनं एक सूर लावला, तो विरेपर्यंत बोट उचललं नाही.

मग टाळ्या झाल्या. लोक उभे राहिले. पाहुणेही उभे राहिले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. भाई स्टुलावर बसून होता. मला दिसलं, त्यानं दोन्ही हात मांड्यांवर टेकले, पुढे झुकला, परत मागे आला. पुन्हा झुकला. तेव्हा रॉनी मागून आला आणि हसत हसत, फार प्रेमानं, त्यानं भाईला दोन्ही बगलांत हात घालून उभं केलं. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांना निरोप देण्यात थोडा वेळ गेला. तेवढ्या वेळात आम्ही शिल्पांच्या दालनात होतो. भाईला मी गोळी दिली होती. तो खोक्यावर बसला होता. विनी आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तू माझ्यामागे का आलीस?" भाईनं विचारलं.

"कुठं मागे?"

"विनी."

ती खोक्याच्या कडेला टेकली.

"तू पुढं जायचं होतंस. लेस्टरनं पुढं जायचं होतं. लय तुमच्याकडे होती. मी सुटलो असतो, दोन मात्रांत सगळ्यांना कळलं असतं की हा सुटला. सुटू द्यायचं होतं."

"आणि मी बघत बसायचं होतं?"

"वाजवत बसायचं होतं. इतकी वर्षं काय केलंस? कुणी दारू पिऊन यायचं, कुणाचा बाप गेलेला असायचा. कुणासाठी थांबलीस कधी?"

"नाही."

"मग?"

"नाही जमलं मला," विनी म्हणाली. "तू ओरड, मोरी. पण नाही जमलं."

भाई ओरडला नाही. बाहेरून रॉनीचा ड्रम जुळवल्याचे ठोके आले, आणि विनीला जावं लागलं. जाताना तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं डोकं काढून घेतलं नाही.

मला हे सगळं तेव्हा कुठं कळत होतं. म्हणजे ऐकू आलं होतं, पण जे मी थोड्या वेळापूर्वी ऐकलं ते आणि हे एकच आहे, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

"दिगू," भाई म्हणाला. "तुला कसं वाटलं? खरं सांग."

मी खरं सांगावं की नाही, याचा मी विचार केला. "फार सुंदर वाटलं," मी म्हणालो.

"हं." त्यानं त्या शिर नसलेल्या पुतळ्याकडे पाहिलं. "असेल. एका माणसाला बुडताना बघून दोघं पाण्यात उतरली. काठावरून सुंदर दिसत असेल ते."

आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. गोळी अजून चढली नव्हती. थांब थोडा, म्हटलं तर ऐकेना. आत बँडचं पुढचं गाणं सुरू झालं होतं. जलद होतं, रॉनीच्या काठ्या कडकडत होत्या. भाई भिंतीला धरून क्षणभर ऐकत राहिला. "धरलीय पोरानं," तो म्हणाला.

दारापासून फाटकापर्यंत फरशीची लांब वाट होती. तिच्यावर आलो आणि भाईचे पाय थांबले. त्या आजारात असं होतं. माणसाला चालायचं असतं, अंग पुढे झुकतं आणि तळवे जमिनीला चिकटून राहतात. अशा वेळी कुणी ठेक्यात मोजून दिलं की पाऊल उचलतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी मी मोजत असे, पुटपुटल्यासारखं. बाहेर अशी वेळ आली नव्हती.

"मोज," भाई म्हणाला.

वाटेच्या कडेला चित्रकलेची दोन-चार मुलं सिगारेट ओढत उभी होती. "इथं?" मी विचारलं.

"मग काय, टॅक्सी इथं आत बोलावतोस?"

मी मोजायला लागलो. "एक, दोन, तीन, चार."

"ऐकू येत नाही. आणि एवढी घाई कसली? पोलीस लागलेत मागे?"

मी आवाज चढवला. मुलांनी वळून पाहिलं. मी त्यांच्याकडे न बघता मोजत राहिलो, आणि चारावर भाईचा उजवा पाय सुटला. मग डावा.

"आता ही लय तुझी," तो म्हणाला. "मी अडखळलो तरी तू हळू व्हायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"बोलू नकोस. मोज."

एक, दोन, तीन, चार. सुरुवातीला आम्ही बरोबर होतो. माझा आकडा आणि त्याचं पाऊल एकदमच पडत होतं. मला एक विलक्षण अभिमान वाटला, असा की जन्मात कधी वाटला नव्हता. अर्ध्या वाटेवर त्याची पावलं आखूड व्हायला लागली. आकडा पुढे जायचा आणि पाऊल मागून यायचं. मी काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यानं सांगितलं होतं, विनीलाही त्यानं तेच सांगितलं होतं, आणि माझ्या शेजारी तो घामेजलेलं तोंड पुढं काढून त्या आकड्यांमागे येत होता.

"तीन," मी म्हणालो. त्याचा पाय हवेत होता. तो खाली टेकेपर्यंत मी थांबलो आणि मग म्हणालो, "चार."

भाईनं माझ्याकडे पाहिलं.

"तूही," तो म्हणाला, आणि माझा दंड धरला.